दिवसाचा कायदा आणि रात्रीचे राज्य

१

‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ या चित्रपटावर परिवर्तनवादी मंडळींत चर्चा होते तेव्हा ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : गुलाम माणसाने बाँब ठेवावा की ठेवू नये? प्रश्न मोठा आहे आणि तो टाळावा असे मी म्हणणार नाही. परंतु या चित्रपटात गुलामांच्या बाँबआधी आणखी एक बाँब फुटतो. तो कोणा बंडखोराने ठेवलेला नाही. तो पोलीस अधिकाऱ्याने ठेवलेला आहे. रात्रीच्या वेळी, नाक्यावरच्या शिपायांना आपली ओळख देऊन, सरकारी अधिकाराच्या आडोशाने ठेवलेला आहे. हा बाँब आपल्या चर्चेत क्वचितच येतो. दहशतवादाचा बीमोड करण्यासाठी राज्यसंस्थेने लपूनछपून हत्या कराव्यात काय, आणि केल्या तर त्यांना नैतिक म्हणता येईल काय, हा प्रश्न त्या बाँबपाशी सुरू होतो. म्हणून या कलाकृतीची समीक्षा मी तिथूनच करणार आहे.

चित्रपट १९६६ सालचा. दिग्दर्शक जिलो पॉन्टेकॉर्वो हे इटालियन. पटकथा फ्रान्को सोलिनास यांची. निर्मितीमागे सादी यासेफ यांचा पुढाकार होता. हे यासेफ म्हणजे अल्जिअर्स शहरातल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या लढ्याचे एक प्रमुख. त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या आठवणींचा आधार चित्रपटाला आहे, आणि पडद्यावरचा जाफर त्यांनी स्वतःच उभा केला आहे. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. फ्रेंच प्रतिनिधी उठून गेले. आणि फ्रान्समध्ये काही वर्षे तो लोकांसमोर येऊ शकला नाही. कर्नल मात्यूची भूमिका करणारे जाँ मार्तँ सोडले तर पडद्यावरचे बहुतेक चेहरे साध्या माणसांचे आहेत. चित्रण बातमीपटासारखे खरखरीत आहे, पण त्यात खऱ्या बातमीपटाचा एक फूटही वापरलेला नाही. वास्तवाचा आभास निर्माण करण्याची ही ताकद एवढी आहे की प्रेक्षक चित्रपट पाहतो आणि इतिहास पाहिला असे समजतो. समीक्षकाचे काम तिथे सुरू होते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १८३० साली फ्रान्सने अल्जिअर्स घेतले. पुढे अल्जीरिया ही वसाहत नव्हे, फ्रान्सचाच भाग आहे असे सांगितले जाऊ लागले. पण या भागात माणसामाणसाची किंमत एक नव्हती. १९४७ च्या कायद्याने जी सभा निर्माण केली तिच्यात १२० जागा होत्या. त्यांतल्या ६० मुख्यत्वे युरोपीय मतदारांच्या आणि ६० मुसलमान बहुजनांच्या. युरोपीय सुमारे दहा लाख. मुसलमान त्यांच्या आठ-नऊ पट. म्हणजे एका माणसाच्या मताचे वजन दुसऱ्याच्या आठ-नऊ पट. ‘एक माणूस, एक मूल्य’ ही गोष्ट ज्यांना बाबासाहेबांनी शिकवली त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५४ रोजी उठाव सुरू झाला. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. चित्रपट मुख्यतः १९५४ ते १९५७ या काळातल्या अल्जिअर्स शहराची गोष्ट सांगतो.

२

आता तो बाँब. १९ जून १९५६ रोजी अल्जिअर्सच्या बार्बेरूस तुरुंगात अहमद झबाना आणि अब्देलकादर फेर्राज या दोघा बंदिवानांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. त्यानंतर मुक्ती आघाडीने शहरात युरोपीयांवर गोळीबार सुरू केला. १० ऑगस्टच्या रात्री कासबातल्या तेब गल्लीत प्रचंड स्फोट झाला. घरे कोसळली, झोपेतली माणसे ढिगाऱ्याखाली गेली. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण ते डझनांनी मोजावे लागतात, आणि त्यांत बायका-मुले होती याबद्दल वाद नाही. हा स्फोट युरोपीय वसाहतवाल्यांच्या एका जहाल टोळीचा होता. तिच्यातले आंद्रे आशियारी हे नाव इतिहासकार घेतात; हा मनुष्य पूर्वी सरकारच्याच गुप्तहेर खात्यात अधिकारी होता.

पॉन्टेकॉर्वोंनी हा प्रसंग अत्यंत संयमाने चितारला आहे. एका पोलिसाचा खून होतो. रस्त्यावर काम करणारा एक गरीब अरब मजूर घाबरून पळतो. गॅलरीतले युरोपीय ‘खुनी, खुनी’ म्हणून ओरडतात. त्याला पकडले जाते. त्याने काही केलेले नाही हे प्रेक्षकाने पाहिलेले असते. पोलीस कचेरीत त्याचे नाव नोंदले जाते आणि पत्ता वाचला जातो : तेब गल्ली. त्या रात्री पोलीस अधिकारी घरची मेजवानी आटोपून सोबत्यांसह मोटारीने निघतो. नाक्यावर त्याला कोणी अडवीत नाही. सकाळी ढिगाऱ्यातून प्रेते निघतात.

या प्रसंगातली एक गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. अधिकारी पत्ता कुठून घेतो? स्वतःच्याच दप्तरातून. जे दप्तर न्यायालयात पुरावा म्हणून जायचे, ज्या दप्तरावरून त्या मजुराला निर्दोष ठरता आले असते, तेच दप्तर रात्री मृत्यूचा पत्ता बनते. दिवसा कायद्याचा कागद, रात्री हत्येचा. लेखणी एकच, हातही एकच. गुप्त कारवाईच्या नैतिकतेवर शेकडो पानांची पुस्तके लिहिली गेली आहेत. परंतु कायद्याचे रक्षण करणारा माणूस कायद्याचे साधनच कायद्याविरुद्ध कसे वळवतो, हे या काही मिनिटांइतके स्वच्छ मी अन्यत्र पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कासबातला संतप्त जमाव युरोपीय वस्तीकडे निघतो. जाफर त्याला अडवतो. सूड आम्ही घेऊ असे सांगतो. मग त्या तीन स्त्रिया येतात. केस कापतात, युरोपीय पेहराव करतात आणि टोपल्यांतून बाँब नेतात. ३० सप्टेंबर १९५६ रोजी मिल्क बार आणि कॅफेटेरिया या दोन ठिकाणी खरोखर स्फोट झाले. तिसरा बाँब फुटला नाही. चित्रपट इथे डोळे मिटून घेत नाही. बाँब ठेवण्यापूर्वी ती स्त्री आजूबाजूला पाहते. कॅमेरा एकेक चेहरा दाखवतो. त्यांत आइस्क्रीम खाणारे एक लहान मूल आहे. तेब गल्लीतल्या प्रेतांवर जे संगीत वाजले तेच संगीत इथल्या प्रेतांवर वाजते. दिग्दर्शकाचे म्हणणे स्पष्ट आहे : मेलेल्या माणसांत प्रतवारी नाही. मी या म्हणण्याशी सहमत आहे. ते मूल वसाहतवादी नव्हते. त्याच्या मरणाला मी क्रांती म्हणणार नाही. पण तेब गल्लीत झोपेत गाडले गेलेले मूलही दहशतवादी नव्हते, हे म्हणणाऱ्यांची संख्या जगात आजही कमी आहे. आणि ही कमतरता योगायोगाची नाही.

३

जानेवारी १९५७ मध्ये शहराची पोलिसी सत्ता जनरल मास्यू यांच्या दहाव्या पॅराशूट डिव्हिजनच्या हाती दिली गेली. ही सत्ता देणारे सरकार कोणाचे होते? समाजवादी ग्वी मोले यांचे. अल्जीरियाचे प्रमुख रोबेर लाकोस्त हेही समाजवादी. न्यायमंत्री फ्रान्स्वा मितराँ. मार्च १९५६ मध्ये सरकारला जे विशेष अधिकार मिळाले त्यांच्या बाजूने फ्रेंच कम्युनिस्ट पक्षानेही मत दिले होते. डावे म्हणवणाऱ्यांची डावी बाजू गुलामांच्या वस्तीच्या वेशीशी येऊन कशी थांबते, याचा हा नमुना आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

चित्रपटात या लष्कराचे रूप म्हणजे कर्नल मात्यू. देखणा, बुद्धिमान, सभ्य. तो फळ्यावर आकृती काढून शत्रूची संघटना समजावतो. पत्रकार छळाबद्दल विचारतात तेव्हा तो टाळाटाळ करीत नाही. उलट विचारतो की फ्रान्सने अल्जीरियात राहावे काय? उत्तर होय असेल तर त्याचे सर्व परिणाम स्वीकारा. हा संवाद टाळ्या घेणारा आहे, आणि तो खराही आहे; वसाहत हवी आणि वसाहतीचे हात मात्र स्वच्छ हवेत, या मध्यमवर्गीय ढोंगावर तो नेमका घाव घालतो. पण माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. मात्यू सगळे उजेडात बोलतो. प्रत्यक्षातली लढाई उजेडात लढली गेली नाही. पॉन्टेकॉर्वोंनी छळ दाखवला, आणि त्या काळी तो दाखवायला धैर्य लागत होते; पण रात्री माणसे उचलून नेणारी, मारणारी आणि मग कागद तयार करणारी जी यंत्रणा होती, ती पडद्यावर जवळजवळ नाही. बेन म्हिदींच्या मृत्यूपाशी तिची फक्त सावली पडते.

त्या यंत्रणेचा एक प्रमुख होता पॉल ओसारेस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध गुप्त कारवायांचे शिक्षण घेतलेला हा अधिकारी मास्यूंच्या हाताखाली रात्रीचे काम पाहत असे. २००१ साली, म्हाताऱ्या वयात, त्याने पुस्तक लिहून सर्व कबूल केले. पश्चात्ताप मात्र व्यक्त केला नाही. लार्बी बेन म्हिदी हे मुक्ती आघाडीच्या संस्थापक नेत्यांपैकी. २३ फेब्रुवारी १९५७ रोजी ते पकडले गेले. मार्चच्या आरंभी जाहीर झाले की त्यांनी कोठडीत गळफास घेतला. ओसारेसने लिहिले की त्यांना शहराबाहेरच्या एका शेतघरात नेऊन आपणच फाशी दिले. अली बूमेंजेल हे वकील. २३ मार्च १९५७ रोजी त्यांनी इमारतीवरून उडी मारून आत्महत्या केली असे सांगण्यात आले. त्यांना वरून फेकून देण्यात आले होते. मॉरिस ओदाँ हा पंचवीस वर्षांचा गणिताचा अध्यापक, कम्युनिस्ट, वंशाने युरोपीय. ११ जून १९५७ रोजी त्याला घरातून नेले. मग सांगण्यात आले की तो पळून गेला. तो परत कधीच आला नाही.

‘आत्महत्या केली’, ‘उडी मारली’, ‘पळून गेला’. सरकारी वाङ्मयाचे हे तीन नमुने आहेत. आपण साहित्याची समीक्षा करतो तेव्हा कथेच्या निवेदकावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न विचारतो. तोच प्रश्न सरकारी पत्रकाला विचारण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला असली पाहिजे. या तिन्ही वाक्यांचा कर्ता मृत माणूस आहे. मारणारा वाक्यात कुठेच नाही. व्याकरणातूनच खुनी पसार झाला आहे.

४

आता मूळ प्रश्न. ही गुप्तता कोणापासून होती?

दहशतवाद्यांपासून, असे उत्तर दिले जाते. हे उत्तर तपासून पाहू. तेब गल्लीचा बाँब कोणी ठेवला हे कासबाला कळायला उशीर लागला नाही. बेन म्हिदींनी गळफास घेतला यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षणभरही विश्वास ठेवला नाही. ओदाँची पत्नी जोझेत पहिल्यापासून सत्य मागत राहिली. शत्रूला ठाऊक होते, पीडितांना ठाऊक होते, वस्तीतल्या पोराला ठाऊक होते. ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक नसल्याचे नाटक ज्यांना करता येत होते, ते पॅरिसमधले नागरिक होते. ज्यांच्या नावाने आणि ज्यांच्या करातून हे सर्व चालले होते ते. आन्री आलेग यांनी १९५८ साली स्वतःच्या छळाचे पुस्तक लिहिले तेव्हा सरकारने ते जप्त केले. ते जप्त केल्याने मुक्ती आघाडीपासून काय लपले? काहीच नाही. ते फ्रेंच वाचकापासून लपवायचे होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : अशा हत्येतली गुप्तता शत्रूविरुद्ध वापरलेले हत्यार नसते, ती स्वतःच्या नागरिकांच्या विवेकापुढे उभी केलेली भिंत असते. छापा कधी घालायचा हे आधी न सांगणे ही युद्धातली सावधगिरी आहे. तिच्याबद्दल माझा वाद नाही. पण केल्यानंतर ‘आम्ही केले’ असे न सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. जे कृत्य राज्यसंस्था स्वतःच्या नावाने सांगू शकत नाही, त्या कृत्याचा निकाल तिने स्वतःच दिलेला असतो. न्याय्य वाटले असते तर लपवले नसते.

हे आपल्याला परके नाही. गावगाड्यातल्या रात्रीचा अनुभव ज्याच्या समाजाला आहे त्याला ही यंत्रणा ओळखू येते. वस्तीवर रात्री हल्ला होतो. कोणी केला हे सकाळी सगळ्या गावाला माहीत असते. पंचनाम्यात मात्र ‘अज्ञात इसम’ लिहिले जाते. बहिष्कार चावडीवर ठरतो, पण चावडीच्या दप्तरात तो सापडत नाही. ज्याला सत्ता आहे त्याला दोन भाषा परवडतात, दिवसाची आणि रात्रीची. ज्याला सत्ता नाही त्याच्यापाशी एकच भाषा उरते, साक्षीची. आणि तिलाच पुरावा नाही म्हणून बाजूला सारले जाते. अल्जिअर्स आणि आपले गाव एक आहेत असे मी म्हणत नाही. तिथे परकी सत्ता होती, इथे शेजारी आहेत. पण खुनाला निनावी करण्याची रीत एकच आहे.

५

विरोधी बाजू दुबळी करून मांडणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. ती बाजू अशी : बाँब ठेवणारे कायदा पाळत नाहीत, न्यायालये मंदगतीची आहेत, उद्या बाजारात माणसे मरणार असतील तर आज एका माणसाला अंधारात संपवणे हे कमी पाप आहे. ओसारेसचेही सांगणे साधारण हेच होते. आणि हेही खरे की १९५७ च्या अखेरीस अल्जिअर्समधली मुक्ती आघाडीची संघटना मोडून पडली. २४ सप्टेंबरला यासेफ पकडले गेले. ८ ऑक्टोबरला अली ला पॉइंत आणि त्याचे सोबती लपलेले घर उडवून देण्यात आले. त्यांच्यात लहानगा ओमरही होता, आणि शेजारची माणसेही मेली. लष्कर जिंकले.

या युक्तिवादाला माझी तीन उत्तरे आहेत.

पहिले असे की, तो गृहीत धरतो की मारला गेलेला माणूस दोषी होता. हे कोणी ठरवले? पॉल तेतजेन हे अल्जिअर्सच्या पोलीस प्रशासनाचे सचिव. जर्मनांच्या कैदेत त्यांनी स्वतः छळ सोसला होता. अल्जिअर्सच्या कैद्यांच्या अंगावर त्यांना त्याच खुणा दिसल्या. त्यांनी स्थानबद्धतेचे हजारो आदेश मोजले आणि त्यांतल्या ३,०२४ माणसांचा पत्ता लागत नाही असे सांगितले. १९५७ च्या सप्टेंबरात ते पदावरून गेले. या ३,०२४ जणांत बाँब करणारे किती, चिठ्ठी पोचवणारे किती, आणि शेजाऱ्याच्या नुसत्या संशयावरून उचललेले किती? याचे उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही. खटला नाही, जबाब नाही, निकाल नाही. दहशतवादाविरुद्ध आपण काय मिळवले हे सिद्ध करण्याचे साधनच गुप्त हत्येने जाळून टाकलेले असते. खटला चालवूनही अन्याय होतो, हे खरे. ज्याचा बाँब फुटलाच नव्हता त्या फेर्नां इव्हतोंला फेब्रुवारी १९५७ मध्ये गिलोटिनवर चढवले. पण त्या अन्यायाला नाव आहे, तारीख आहे, सह्या आहेत. म्हणून त्याच्याशी भांडता येते. तेब गल्लीशी भांडायला कागदच नाही.

दुसरे असे की, अंधारातले काम करणारा माणूस अंधारातच राहत नाही. ओसारेस पुढे अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग येथे शिकवायला गेला, नंतर फ्रान्सचा लष्करी प्रतिनिधी म्हणून लष्करशहांच्या ब्राझीलमध्ये गेला. एका शहरापुरती म्हणून वापरलेली रीत शिक्षणक्रम होऊन बसली.

तिसरे असे की, गुप्ततेच्या पाठोपाठ माफी येते. १९६२ पासूनच्या माफीच्या कायद्यांमुळे या हत्यांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. ओसारेसला २००२ साली दंड झाला तो हत्यांसाठी नव्हे. पुस्तकातून युद्धगुन्ह्यांचे समर्थन केल्याबद्दल. उलट १९५७ सालीच छळाला विरोध करून पदमुक्ती मागणारे जनरल बोलार्दिएर यांना मात्र साठ दिवस किल्ल्यात बंदिवास घडला. ओदाँची हत्या राज्यव्यवस्थेने केली हे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी २०१८ साली मान्य केले, एकसष्ट वर्षांनी. बूमेंजेल यांच्याबाबतची कबुली मार्च २०२१ मध्ये आली. त्यांची पत्नी मलिका तिच्या आदल्या वर्षी वारली होती. बेन म्हिदींची कबुली आली १ नोव्हेंबर २०२४ रोजी. ज्याला कमी पाप म्हणतात त्याची किंमत इतकी वर्षे विधवांनी चुकवली.

६

परंतु ही समीक्षा एकतर्फी ठेवली तर ती प्रचार होईल. चित्रपटात मुक्ती आघाडीची गुप्तता आहे, पण ती फक्त वीरश्रीची आहे. तिची दुसरी बाजू यासेफ यांनी निर्मिलेल्या चित्रपटात येणे कठीणच होते. मे १९५७ मध्ये मेलूझा भागात आघाडीच्या सैनिकांनी प्रतिस्पर्धी गटाचे समर्थक म्हणून सुमारे तीनशे गावकऱ्यांची कत्तल केली आणि दोष फ्रेंच लष्करावर ढकलला. अबान रमदान हे आघाडीचे बुद्धिमान नेते. ऑगस्ट १९५६ च्या सुम्माम परिषदेत लष्करी नेतृत्वावर राजकीय नेतृत्वाचा वरचष्मा असला पाहिजे हे तत्त्व त्यांनी मान्य करून घेतले. डिसेंबर १९५७ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना मोरोक्कोत बोलावून गळा आवळून मारले. पुढच्या मे महिन्यात आघाडीच्या मुखपत्राने छापले की ते रणांगणावर धारातीर्थी पडले.

‘पळून गेला’ आणि ‘धारातीर्थी पडला’. वाक्ये निराळी आहेत, रीत एकच आहे. बंदूक राजकारणाच्या ताब्यात असावी असे म्हणणाऱ्याला बंदुकीने अंधारात संपवले, आणि १९६५ च्या जूनमध्ये, या चित्रपटाचे चित्रीकरण अल्जिअर्समध्ये चालू होण्याच्या सुमारास, स्वतंत्र अल्जीरियाची सत्ता लष्कराच्या हाती गेली. चित्रपटात बेन म्हिदी गच्चीवर अलीला समजावतात की क्रांती सुरू करणे अवघड, टिकवणे त्याहून अवघड, आणि खऱ्या अडचणी जिंकल्यानंतर सुरू होतात. ते दृश्य आज पाहताना मला अबान आठवतात.

इथे बाबासाहेबांचा विचार आपल्याला उपयोगी पडतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. मिल्क बारमध्ये बाँब फुटला ३० सप्टेंबर १९५६ रोजी. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांची तुलना केली. दुःख नाहीसे करण्याचे ध्येय दोघांचे, फरक साधनांचा. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात तर त्यांनी हेही स्पष्ट केले की न्यायासाठी बळ वापरावे लागले तर बुद्धाचा त्याला सरसकट नकार नाही. म्हणजे ही भाबडी अहिंसा नव्हे. साधनाची परीक्षा करा, एवढेच त्यांचे सांगणे आहे. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले ते दिवसाउजेडी; डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली ती भर सभेत. मार खाणाऱ्या समाजाने आपली सर्वांत स्फोटक कृत्ये जाहीर केली, नाव सांगून केली.

महाडचा मार्ग अल्जिअर्सच्या माणसाला शिकवण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. जिथे वकिलालाच छपरावरून फेकले जाते तिथे ‘न्यायालयात जा’ हा सल्ला क्रूर विनोद ठरतो. गुलामाला लपावे लागते, कारण उजेडाची मालकी त्याच्याकडे नसते. राज्यसंस्थेला हा बचाव नाही. उजेड तिचा, न्यायालय तिचे, तुरुंग आणि छापखानाही तिचाच. तरीही ती अंधारात जाते तेव्हा ती नाइलाजाने जात नाही. ती निवड करते. दोन्हींकडच्या मृतांसाठी मी एकच शोक करीन. दोन्हींकडच्या गुप्ततेला मात्र एकच माप लावणार नाही.

७

या चित्रपटाचे पुढचे चरित्रही बोलके आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या एकवीस जणांविरुद्ध कटाचा खटला भरला गेला तेव्हा सरकारी पक्षाने हा चित्रपट ज्यूरीला दाखवला. हे लोक असेच दहशतवादी आहेत, हे सांगण्यासाठी. मे १९७१ मध्ये ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. त्याच वर्षी बाहेर आलेल्या कागदांवरून कळले की अमेरिकेच्या तपास खात्याने काळ्यांच्या चळवळीविरुद्ध वर्षानुवर्षे गुप्त कारवाया चालवल्या होत्या. शिकागोत ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन या एकवीस वर्षांच्या पँथर नेत्याला बिछान्यात मारले. त्याच्या घराचा नकाशा त्या खात्याच्या खबऱ्याने पुरवला होता. पुन्हा पत्ता, पुन्हा रात्र. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले ते हेच लोक, आणि त्यांचे परदेशातले कार्यालय १९७० पासून कुठे होते? अल्जिअर्समध्ये.

ऑगस्ट २००३ मध्ये हाच चित्रपट अमेरिकेच्या संरक्षण खात्यात अधिकाऱ्यांना दाखवला गेला. इराक ताब्यात घेतल्यानंतर. लढाई जिंकून युद्ध का हरले जाते हे समजावे म्हणून. आठ महिन्यांनी अबू घ्रैब तुरुंगातली छायाचित्रे जगासमोर आली. पुढे उघड झालेल्या गुप्त तुरुंगांची हकीकत २०१४ साली अमेरिकेच्याच सिनेटच्या अहवालात आली. एकच कलाकृती एका ज्यूरीला माणूस दाखवते आणि एका कचेरीला तंत्र. दोष कलाकृतीचा थोडा, पाहणाऱ्याच्या जागेचा जास्त. पण थोडा आहेच. मात्यूला इतका तर्कशुद्ध आणि इतका उजळ करून, त्याच्या मागचा ओसारेस न दाखवून, दिग्दर्शकाने त्या कचेरीची सोय केली आहे.

आपल्याकडेही ‘चकमकीत ठार’ हे वाक्य वर्तमानपत्रात रोजच्यासारखे वाचले जाते. मुंबईतल्या अशा मृत्यूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली सोळा मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या : गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा. या सूचना म्हणजे मारणाऱ्याला पुन्हा वाक्यात आणण्याचा प्रयत्न आहे. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने त्या तोंडपाठ केल्या पाहिजेत.

दहशतवादाशी लढू नये असे मी म्हणत नाही. बाजारात बाँब फुटतो तेव्हा मरणारा बहुधा हमाल असतो, फेरीवाला असतो, आपलाच असतो. राज्यसंस्थेने त्याचे रक्षण केलेच पाहिजे, आणि त्यासाठी बळही वापरावे. पण ते नाव सांगून वापरावे, कागदावर वापरावे, आणि त्याचा जाब न्यायालयात द्यावा. या तीन गोष्टी जिथे नाहीत तिथे कारवाईला दहशतवादविरोध म्हणण्याचा अधिकार उरत नाही. ती दुसरी दहशत असते आणि तिच्यापाशी गणवेश असतो. ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ अवश्य पाहावा, विद्यार्थ्यांना दाखवावा. मात्र दाखवून झाल्यावर त्या तीन स्त्रियांनी बरोबर केले की चूक, एवढ्यावर चर्चा संपवू नये. तेब गल्लीचा पत्ता त्या दप्तरातून कोणी वाचून दाखवला, हा प्रश्नही वर्गात विचारावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.